तुमचा जियान कोण?

रविवारी सकाळी आमच्या घरात सगळ्यांत आधी उठतो तो नातू. एरवी शाळेची व्हॅन खाली हॉर्न वाजवत असते तेव्हा ह्याचा एक मोजा पायात आणि एक हातात असतो. रविवारी मात्र साडेसहाला स्वारी सोफ्यावर मांडी ठोकून बसलेली आणि समोर डोरेमॉन चालू. मी चहाचा कप घेऊन शेजारी बसतो. आमचा करार ठरलेला आहे. त्यानं आवाज वाढवायचा नाही, मी ‘बातम्या लाव’ म्हणायचं नाही.

गेल्या रविवारी जाहिराती लागल्या तेव्हा माझ्याकडे न बघताच त्यानं विचारलं, “आजोबा, तुमचा जियान कोण होता?”

‘होता का?’ असं त्यानं विचारलं नाही. जियान असतोच, हे त्यानं धरूनच ठेवलेलं. मी नोबिता होतो हेही त्यानं न विचारता ठरवून टाकलं होतं. माझा चष्मा आणि माझ्या पायऱ्या चढण्याच्या वेगावरून त्यानं तो अंदाज बांधला असणार. अंदाज चुकीचा नाही.

ज्यांच्या घरात सध्या लहान मूल नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नोबिता हा तोक्योतला एक शाळकरी मुलगा. अभ्यासात भोपळा, पळण्यात शेवटचा, झोपण्यात पहिला. त्याच्या खापरपणतवंडांपर्यंत त्याच्या कर्तृत्वाची झळ पोचलेली, म्हणून त्यांनी बाविसाव्या शतकातून एक निळं यंत्रमांजर त्याच्याकडे धाडलं. तोच डोरेमॉन. पोटावर खिसा, खिशात हव्या त्या करामती वस्तू. नोबिताच्या गल्लीत दांडगा जियान, पैशाचा तोरा मिरवणारा सुनियो आणि शहाणी शिझुका. एवढाच संसार. फुजिको फुजिओ ह्या नावानं ही चित्रकथा 1970च्या जानेवारी अंकांपासून जपानी मुलांच्या मासिकांत येऊ लागली, आणि 2005 पासून ती हिंदी बोलत आपल्या दिवाणखान्यात आहे. घरात चोवीस तास मराठी ऐकणारा आमचा नातू अडचणीत सापडला की “मला मदद करा” म्हणून ओरडतो, त्याचं मूळ ह्या मांजरात आहे.

मला त्या कार्टूनमध्ये पहिल्यांदा ओळखीचं वाटलं ते माणूस नव्हे, सिमेंटचे पाईप. नोबिताच्या घराजवळ एक मोकळी जागा आहे, आणि तिथे तीन मोठाले पाईप रचून ठेवलेत, दोन खाली, एक वर. मुलं त्यांच्यावर बसतात, आत लपतात, पावसात आत जाऊन बसतात. ते पाईप तिथे का आहेत हे कुणी सांगत नाही. मला सांगायची गरजही पडली नाही. सांगलीत गावभागात आमच्या आळीच्या टोकाला नगरपालिकेनं ड्रेनेजसाठी आणून टाकलेले अस्सेच पाईप होते. मी दुसरीत असताना आले आणि मी सातवीत गेलो तरी जमिनीत गेले नव्हते. उन्हाळ्यात दुपारी आत गारवा असायचा, ओल्या सिमेंटचा वास असायचा, आणि हाक मारली की आवाज घुमायचा. आमच्या मैत्रीचं हेड ऑफिस तेच.

आणि त्या ऑफिसचा साहेब म्हणजे आमचा जियान. त्याचं नाव इथे लिहीत नाही. तो वाचत नसला तरी त्याची सून वाचते. आडवा बांधा, पुढचा एक दात अर्धा तुटलेला. हात मात्र असा, की पाठीवर पडला तर आपण शिंकतोय की रडतोय हे आपल्यालाच कळू नये. जपानी जियानचं ब्रीद, तुझं ते माझं आणि माझं तेही माझंच, मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आवरेना. आपल्याकडे ते पिढ्यान् पिढ्या चालत आलंय: तुझं ते माझं, आणि माझं ते माझ्या बापाचं. आमच्या जियाननं माझे अकरा ‘चांदोबा’ वाचायला म्हणून नेले. अकरा हा आकडा मला अजून पाठ आहे, ह्यावरून काय ते समजा.

टीव्हीतला जियान गातो. त्याचा आवाज इतका भयंकर, की पोरं कानात बोटं घालतात; पण मैफलीला गैरहजर राहायची कुणाची टाप नाही. आमचा गात नसे, तो सिनेमा सांगे. ‘शोले’ सांगलीत आला तेव्हा त्यानं तो पाहिला आणि आम्हांला तीन दिवस सांगितला. नावं पडतात तिथपासून. घोड्यांच्या टापा तोंडानं, गोळ्या तोंडानं, गब्बरचं हसणं तर थेट आमच्या कानाशी. मधेच कुणी “आईनं बोलावलंय” म्हणून उठला की त्याला हाताला धरून खाली बसवायचा. पुढे नोकरी लागल्यावर मी खरा ‘शोले’ पाहिला. चांगला आहे, पण आमच्या पायपातल्या इतका घुमत नाही.

मराठी खेळात ‘लिंबूटिंबू’ नावाची एक सोय आहे. धाकटं भावंड, आजारातून उठलेलं पोर, दुसऱ्या गावाहून सुट्टीला आलेला पाहुणा, ह्यांना खेळात घ्यायचं. पण त्यांच्यावर राज्य येत नाही आणि ते आऊट झाले तरी आऊट नाहीत. मायाळू सोय आहे. पण जो कधी लिंबूटिंबू झाला त्याला विचारा. आपण खेळतोय आणि आपल्याशी कुणी खेळत नाहीये, हे चार वर्षांच्या पोरालाही कळतं. नोबिताची गंमत अशी, की तो इतका नालायक खेळाडू असूनही त्याला कुणी लिंबूटिंबू करत नाही. जियानच्या बेसबॉलच्या टीमला नऊ जण लागतात, म्हणून ह्याला घरातून ओढून नेतात. हा झेल सोडतो, टीम हरते, आणि मग जियान त्याला सबंध मैदानभर पळवतो. लहानपणी मलाही असंच पळवलेलं आहे. तेव्हा घरी जाऊन रडलो. पण आमच्या आळीतला एक मुलगा, पोलिओनं पाय अधू झालेला, पाईपवर बसून आमचे रन मोजायचा. एकदा तो मला म्हणाला, “तुला निदान शिव्या तरी घालतात.” त्याचा पाय मी समजू शकत होतो. हे वाक्य समजायला मला बरीच वर्षं लागली.

नोबिताच्याच गल्लीत देकिसुगी नावाचा एक मुलगा आहे. पहिला नंबर त्याचाच, खेळात हुशार, वागायला नम्र. शिझुकाच्या आईलाही आवडेल असा. आमच्या सूनबाईंनी पुण्यात राहून जे अनेक जण करतात ते केलंय, म्हणजे जपानीच्या दोन-तीन परीक्षा दिल्यात. तिनं सांगितलं, ‘देकिसुगी’चा अर्थच ‘जरा जास्तच जमलेला’. शिझुका म्हणजे शांत. सुनियोचं आडनाव होनेकावा, ऐकायला ते ‘हाड आणि कातडं’ असं वाटतं. तर हा जरा जास्तच जमलेला मुलगा मोठ्या साहसांवर सहसा कुणाला आठवत नाही. डायनासोरच्या काळात जायचं असो की समुद्राच्या तळाशी, निघतात ते हेच पाच जण: एक रडका, एक दांडगा, एक बढाईखोर, एक मुलगी आणि एक मांजर. देकिसुगीचं कुणाशी वाकडं नाही. त्याला कुणी लागत नाही, एवढंच.

हे सगळं मी मोठ्या कौतुकानं सूनबाईंना सांगत होतो, तर ती कांदा चिरता चिरता म्हणाली, “बाबा, तुम्ही ज्याला मैत्री म्हणताय ना, त्याला शाळेत आता बुलिंग म्हणतात. आम्हांला मीटिंगमध्ये फॉर्मवर सही करायला लावली.”

मी गप्प बसलो, कारण ती खोटं बोलत नव्हती. रोज मार खायचा आणि रोज त्याच मैदानात जायचं, ह्यात काही थोर नाही. आणि शिझुकाच्या बाबतीत तर कार्टून मला सरळ खटकतं. चौघांत ही एकटी मुलगी, आणि जेव्हा बघावं तेव्हा आंघोळीला बसलेली. पोरं कुठलं तरी यंत्र वापरून नेमकी तिथेच जाऊन पडतात. जपानमध्येही ह्यावर पुष्कळ बोललं गेलंय. जुन्या काळच्या विनोदांत जे चालून जायचं ते सगळं जपून ठेवण्यासारखं नसतं. तेव्हा सूनबाईंचा आक्षेप मी लिहून ठेवतो, खोडत नाही. फक्त त्याच्या खाली एक ओळ माझी: आमच्या जियानच्या आईला कुणी आळीत बोलावलं की ती त्याला कान धरून घरी न्यायची. टीव्हीतल्या जियानची दुकानदार आईही हेच करते. मोठं माणूस हाकेच्या अंतरावर असायचं. पाईप होते, पण पाईपांसमोर खिडक्याही होत्या. आता त्या खिडक्यांच्या जागी फॉर्म आला असेल, तर आईबापांनी सही करावीच.

डोरेमॉनकडे येतो. लोकांना वाटतं, असा मित्र हवा, मागावं ते खिशातून काढून देणारा. मला तर त्या खिशाचा कंटाळा येतो. रोजचं ठरलेलं आहे: नोबिता रडत येतो, मांजर वस्तू देतं, नोबिता हावरटपणा करतो, वस्तू अंगाशी येते. इतक्या वर्षांत त्या वस्तूंनी नोबिताचं काहीही भलं केलेलं नाही. मग मांजराचा उपयोग काय? तो नोबिताच्या खोलीत, गाद्या ठेवायच्या कपाटात झोपतो. दुपारी दोराकेक खात बसतो. जपानी लोक त्याला दोरायाकी म्हणतात, दोन जाड धिरड्यांमध्ये लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण. नातवानं हट्ट केला तेव्हा बायकोनं होळीचं उरलेलं पुरण दोन छोट्या गोड धिरड्यांत घालून दिलं, आणि आमच्या घरात जपान-महाराष्ट्र करार झाला. तर हे मांजर स्वतःही काही धड नाही. कारखान्यातला सदोष माल आहे, कान उंदरानं खाल्लेत, उंदीर दिसला की त्याचा थरकाप होतो. हाताला बोटं नाहीत, त्यामुळे दगड-कागद-कात्री खेळला की नेहमी दगडच. घाई झाली की खिशातून नको त्या वस्तू उडवत बसतो. आणि नोबिताला हे सगळं माहीत आहे.

एका गोष्टीत त्याला परत भविष्यात जावं लागतं. ही गोष्ट 1974च्या मार्चमध्ये, तिसरीच्या मुलांच्या मासिकात आली. जपानमध्ये ही मासिकं इयत्तेप्रमाणे निघायची, आणि तिथे शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं. म्हणजे तिसरीचा वर्ग सुटतोय, आणि त्याच महिन्यात डोरेमॉन निघालाय. शेवटच्या रात्री दोघांना झोप येत नाही, म्हणून ते बाहेर फिरायला जातात. डोरेमॉनच्या डोळ्यांत पाणी येतं, ते दिसू नये म्हणून तो बाजूला होतो. आणि नेमका तिथे जियान येतो. नोबिता ह्या वेळी हाक मारत नाही. मार खातो, पडतो, उठतो, पुन्हा मार खातो आणि जियानला सोडत नाही. शेवटी जियानच कंटाळून, घाबरून म्हणा, हरलो म्हणून निघून जातो. सुजलेल्या तोंडानं नोबिता सांगतो, बघ, मी एकट्यानं जिंकलो, आता तू निश्चिंत जा. डोरेमॉन त्याला खांद्याचा आधार देत घरी आणतो, अंथरुणात निजवतो, आणि रात्रभर त्याच्याकडे बघत बसतो. सकाळी खोलीत ऊन आलेलं, आणि मांजर नाही.

नातवानं ही गोष्ट माझ्या मांडीवर बसून पाहिली तेव्हा तो काहीच बोलला नाही. माझ्या सदऱ्याचं वरचं बटण मात्र त्यानं उघडबंद करून करून सैल केलं.

पुढच्याच महिन्यात डोरेमॉन परत आला. एप्रिलचा अंक, पण चौथीच्या मासिकात. तिसरी पास होऊन जी मुलं वरच्या वर्गात गेली त्यांना तो तिथे भेटला. परत यायचं कारणही मजेशीर. जियान नोबिताला खोटंच सांगतो की डोरेमॉन आलाय, आणि हा घरी धावत जाऊन तोंडघशी पडतो. त्या चिडीतून नोबिता मांजरानं मागे ठेवलेलं एक औषध पितो, ज्यानं आपण म्हणू त्याच्या उलट होतं. बदला घेऊन झाल्यावर घरी येऊन तो उदासपणे म्हणतो, डोरेमॉन काही आता यायचा नाही. झालं! म्हणजे ज्या जियानमुळे त्याला एकट्यानं लढावं लागलं, त्याच जियानच्या खोडीमुळे मित्र परत मिळाला. चित्रकारानं हे ठरवून केलं की आपसूक झालं, देव जाणे.

आणि हा चित्रकार म्हणजे एक माणूस नव्हे, दोन. हे मला अलीकडे कळलं आणि तेव्हापासून मी कार्टूनकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतो. हिरोशी फुजिमोतो आणि मोतोओ अबिको. जपानच्या तोयामा प्रांतात ताकाओका म्हणून गाव आहे. अबिकोचे वडील देवळात पुजारी. ते गेले म्हणून पाचवीतलं हे पोर आईबरोबर गाव सोडून ताकाओकाच्या शाळेत आलं. नव्या वर्गात कुणी ओळखीचं नाही, म्हणून वहीत चित्रं काढत बसलं. शेजारून एकानं वाकून पाहिलं. तो फुजिमोतो. चित्रं काढणारे दोघंच, मग दोघांची गट्टी जमली ती जमलीच.

मोठ्या चित्रकारांमध्ये त्यांचं दैवत ओसामू तेझुका. ‘ते’ म्हणजे हात. तेव्हा ह्या दोघांनी सुरुवातीला टोपणनाव घेतलं अशिझुका. ‘अशी’ म्हणजे पाय. गुरू हात, तर आम्ही पाय! पुढे फुजिमोतोतला फुजी, अबिकोतला को, मोतोओमधला ओ असं जुळवून फुजिको फुजिओ हे नाव झालं. 1954 मध्ये दोघं तोक्योला गेले आणि तोकिवा-सो नावाच्या लाकडी चाळीत राहायला लागले. साडेचार चटयांची खोली, म्हणजे आपल्याकडे गिरगावातल्या खोलीतही जिला लहान म्हटलं असतं अशी. ती खोली आधी तेझुकांचीच होती. सोडताना त्यांनी भरलेली अनामत रक्कम परत न घेता ह्या पोरांसाठी तशीच ठेवली. पुढच्याच वर्षी नववर्षाला दोघं गावी गेले आणि घरच्या ऊबेत इतके सुस्तावले, की घेतलेली कामं एकापाठोपाठ एक बुडवली. संपादकांच्या तारांवर तारा. बराच काळ कुणी काम देईना. एकट्यानं बुडालेला माणूस अशा वेळी गावीच राहतो. हे दोघं होते, म्हणून परत तोक्योला आले, असा आपला माझा तर्क.

मग नाव झालं. 1964 मध्ये एका भुताची चित्रकथा दोघांनी मिळून केली, ती तुफान चालली. त्यानंतर हळूहळू हात वेगळे झाले. डोरेमॉन एकट्या फुजिमोतोचा. अबिकोनं काय काढलं? आमच्या नातवानं हे ऐकून तोंडाचा आ केला, म्हणून तुम्हांलाही सांगतो. निंजा हातोरी! दोन मित्र, दोन वेगळी चॅनेल, आणि आपल्या घरी रिमोट एकच. पण दोन्हीवर नाव मात्र एक, फुजिको फुजिओ. कुणी काय काढलं हे वाचकाला कळायचं नाही. राहायचे शेजारी-शेजारी, तोक्योजवळच्या कावासाकीत.

1987 मध्ये त्यांनी जोडी मोडली. फुजिमोतोचं मोठं आजारपण झालं होतं. आपल्यामागे हक्कांचा घोळ दुसऱ्याच्या गळ्यात पडू नये, आणि आवडीही आता वेगळ्या वाटेनं गेल्या होत्या. जुनं नाव दोघांनी ठेवलं, फक्त एकानं मधे एफ. घातला, दुसऱ्यानं शेवटी ए. लावला. आपल्याकडे भावाभावांत शेताची वाटणी झाली की पुढच्या पावसाळ्यापासून बांध कोरायला सुरुवात होते. दर वर्षी वीतभर. तीस वर्षांनी कोर्टात नकाशे निघतात. इतकं मोठं शेत, एवढं सोन्यासारखं पीक, आणि ह्या दोघांनी बांधाला हात लावला नाही. फुजिमोतो 1996 मध्ये गेले, शेवटपर्यंत डोरेमॉनच्या पानांवर काम करत. अबिको 2022 पर्यंत होते.

बांधाचं मनात आलं की मला एक दुखरी जागा आठवते, ती सांगून टाकतो. बँकेत बावीस वर्षं माझ्या शेजारी बसणारा एक मित्र होता. डबा एक, लोकल राजकारण एक, साहेबांवरचे विनोद एक. निवृत्त झाल्यावर त्याच्या मुलाला धंद्यासाठी कर्ज हवं होतं, तर त्यानं मला जामीन राहशील का विचारलं. जामीनदाराच्या सहीचं पुढे काय होतं हे मी बावीस वर्षं काउंटरच्या आतून पाहिलेलं. सरळ नाही म्हणायचं होतं. त्याला ते समजलंही असतं, तोही काउंटरच्या आतलाच. पण मी “विचार करून सांगतो” म्हटलं. आणि तीन आठवडे विचार करत राहिलो. त्याचा फोन आला की बायकोला उचलायला सांगायचो. शेवटी त्यानंच फोन करणं थांबवलं. कर्ज मिळालं, फिटलंही म्हणे. आमचं बोलणं मात्र थांबलं ते थांबलं. नोबितासारखा मार खाल्ला असता तर परवडलं असतं. मी मैदानात गेलोच नाही.

सिंहगड रोडवर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. जपानच्या ओकायामा शहरातल्या बागेच्या धर्तीवर केलेलं, त्याला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असंही म्हणतात. मी तिथे रोज सकाळी फिरायला जातो. तोही जातो. मी फाटकातून आत शिरलो की डावीकडे वळतो, तो उजवीकडे. त्यामुळे प्रत्येक फेरीत आमची दोनदा गाठ पडते, एकदा हिरवळीच्या चढावर आणि एकदा पाण्यावरच्या छोट्या पुलावर. पुलावर दोघांना एका वेळी जाताना जरा अंग चोरावं लागतं. आम्ही चोरतो. खाली रंगीत मासे असतात, त्यांच्याकडे बघण्यासारखं पुष्कळ असतं. असं सहा वर्षं चाललंय. पुण्यात बागांचा तोटा नाही, त्याच्या घराजवळही एक आहे.

नातवाच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. जाहिराती संपायच्या आत मी त्याला आमच्या जियानचं सांगितलं. चांदोबाचं सांगितलं, ‘शोले’चं सांगितलं. आणि मग, का कोण जाणे, माझे वडील गेले तेव्हाचंही सांगितलं. जुलै महिना, धो धो पाऊस, मी मुंबईहून रात्रीच्या गाडीनं सांगलीला पोचलो. पहाटे दारात जियान उभा. डोक्यावर पोतं पांघरलेलं. माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. बांबू कुठून, गोवऱ्या कोरड्या कुठे मिळतील, भटजींना कोण आणणार, सगळं तोच बघत होता. आळीतल्या पोरांवर ओरडत होता तसाच, चाळीस वर्षांपूर्वीसारखा. कृष्णेच्या घाटावरून परत येताना माझी चप्पल चिखलात रुतली. त्यानं ती उपटून काढली, स्वतःच्या धोतराला पुसली आणि माझ्या पायाशी ठेवली. मग म्हणाला, “पळायचं कधी शिकणार तू?”

नातू ऐकत होता. म्हणाला, “मग तो पिक्चरवाला जियान होता.”

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगायला हवं. मुलांना हा फरक तोंडपाठ असतो. रोजच्या भागांतला जियान दांडगट, पण मोठ्या सिनेमात तोच जियान जिवाला जीव देतो. 1980च्या पहिल्या सिनेमात डायनासोरच्या पिल्लाला पोचवायला पायी चालायची वेळ येते, सुनियो कुरकुरतो, आणि जियान म्हणतो मी नोबिताबरोबर चालणार, कारण मघाशी त्यानं माझा हात सोडला नव्हता.

“हो,” मी म्हटलं, “तेव्हा पिक्चरवाला होता.”

“आणि नंतर?”

“नंतर पंधरा दिवसांनी त्यानं माझ्याकडून पाचशे रुपये उसने नेले.”

“दिले परत?”

“चांदोबासुद्धा दिले नाहीत अजून.”

नातवाला हे उत्तर फार आवडलं. तेवढ्यात डोरेमॉन पुन्हा सुरू झाला आणि माझी सुट्टी झाली.

ह्या आठवड्यात माझा गुडघा दुखत होता. सोमवार, मंगळवार, बुधवार फिरायला गेलो नाही. गुरुवारी सकाळी पट्टा बांधून निघालो. चढ टाळला, सरळ पुलाकडून सुरुवात केली. तो समोरून आला. मी सवयीनं अंग चोरलं आणि माशांकडे बघायला लागलो. तो थांबला.

“तीन दिवस?” तो म्हणाला.

“गुडघा,” मी म्हटलं.

त्यानं माझ्या पायाकडे पाहिलं, मान हलवली आणि उजवीकडे गेला.